वार सुटत नाही तेव्हा

दिवस भरत आलेल्या गरोदर बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहते. एरवी हाच प्रवाह मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास असतो. गरोदरपणाच्या अखेरीस अंगातले एकूण रक्त सहा लिटर धरले, तरी हिशेब अंगावर काटा आणणारा आहे. बाळ बाहेर आले, वार सुटली आणि वारेमागच्या रक्तवाहिन्यांची तोंडे तशीच उघडी राहिली, तर दहा-बारा मिनिटांत सगळे संपेल. आणि तरीही जगात रोज लाखो बायका बाळंत होतात, त्यांतल्या बहुतेक जणींचे रक्त अर्धा लिटरसुद्धा जात नाही.

हे कसे घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरातल्या शंभरेक नागमोडी धमन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंतींतला स्नायूंचा थर काढून टाकतात. मग या धमन्या रुंद आणि सैल होतात, त्यांना स्वतःहून आकसता येत नाही. आई घाबरली, दमली, उपाशी राहिली तरी बाळाचा पुरवठा तुटू नये, अशी ही सोय आहे. पण ज्या धमन्यांना आकसता येत नाही, त्या बाळंतपणानंतर बंद कोण करणार? ते काम गर्भाशयाच्या भिंतीचे. भिंतीच्या मधल्या थरातले स्नायूतंतू एकमेकांना छेद देत, आडवेतिडवे विणलेले असतात आणि या धमन्या त्या विणीतून वाट काढत अस्तरापर्यंत पोचतात. बाळ बाहेर आले की गर्भाशय आवळते, वीण घट्ट होते आणि प्रत्येक धमनी जागच्या जागी चिमटली जाते. प्रसूतिशास्त्रात या तंतूंना जिवंत गाठी म्हणतात, आणि ते नाव अगदी रास्त आहे. रक्त गोठण्याची क्रिया नंतर आपले काम करते. पहिली मिनिटे असतात ती स्नायूंची.

ही व्यवस्था दोन ठिकाणी फसू शकते. एक तर स्नायू आवळत नाहीत. बाळंतपणानंतरच्या दर दहा रक्तस्रावांपैकी सुमारे सात यामुळेच होतात. गर्भाशय दगडासारखे घट्ट लागायच्या ऐवजी हाताला लिबलिबीत लागते आणि रक्त थांबत नाही. दुसरे म्हणजे वार सुटतच नाही. वार आणि स्नायू यांच्यामध्ये अस्तराचा एक मऊ, सच्छिद्र थर असतो आणि वार सुटते ती त्या थरातून. जिथे तो थरच नाही, तिथे वार थेट स्नायूला चिकटते. बाळंतपणानंतर ती ओढली तर निम्मी निघते, निम्मी राहते. जिथून निघते तिथल्या धमन्या सताड उघड्या पडतात, आणि राहिलेल्या तुकड्यामुळे गर्भाशयाला पुरते आवळता येत नाही.

बॉस्टनच्या फ्रेडरिक अर्विंग आणि आर्थर हर्टिग यांनी १९३७ मध्ये या चिकटलेल्या वारेचा पहिला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अस्तराचा थर नसणे ही त्यांनी केलेली व्याख्या मूळ स्वरूपात आजही टिकून आहे. पुढे डॉक्टरांनी तिच्या तीन पायऱ्या मानल्या: वार स्नायूला नुसती चिकटलेली असणे म्हणजे अ‍ॅक्रीटा, स्नायूच्या आत गेलेली असणे म्हणजे इन्क्रीटा, आणि भिंतीची पूर्ण जाडी ओलांडून, कधी कधी मूत्राशयापर्यंतही, पोचलेली असणे म्हणजे पर्क्रीटा. अर्विंग-हर्टिग यांच्या काळात हा आजार इतका विरळा होता की अनेक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात एकही रुग्ण दिसत नसे. १९५०च्या सुमारास अमेरिकेत तीस हजार बाळंतपणांत एक असे प्रमाण सांगितले जाई. शिकागोतल्या एका मोठ्या रुग्णालयात १९८२ ते २००२ या वीस वर्षांत ते ५३३ बाळंतपणांत एक इतके झाले होते.

मधल्या काळात वाढले ते सिझर. सिझरचा छेद गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर घेतात. तिथे व्रण राहतो आणि व्रणावर अस्तर पुन्हा नीट धरतेच असे नाही. पुढच्या खेपेला वार वर न रुजता खाली, नेमकी त्या व्रणावर रुजली, तर चिकटण्याचा धोका झपाट्याने वाढतो. अमेरिकेतल्या तीस हजारांहून अधिक सिझरची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भाशयाच्या तोंडावर आलेली वार असलेल्या बायकांपैकी किती जणींची वार चिकटलेली होती, याचे त्यातले आकडे आजही जगभर शिकवले जातात. पहिल्याच सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या सिझरला ११, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१ टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिझरमधली ती उडी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वार कर्करोगासारखी पोखरत आत शिरते, अशी समजूत बरीच वर्षे होती. लंडनचे एरिक जोनिओ आणि केंब्रिजचे ग्रॅहॅम बर्टन यांच्यासारख्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत तिला धक्का दिला आहे. त्यांच्या मते दोष वारेचा कमी आणि भिंतीचा जास्त. व्रणाची जागा आधीच विरविरीत झालेली असते, अस्तराची राखण तिथे नसते, आणि बाळाबरोबर गर्भाशय ताणले जाते तशी ती जागा फाकत जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरून वार दिसते ती भिंत भेदून आलेली नसते. तिथे भिंतच उरलेली नसते. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पोखरणारी वार असती तर सगळे गर्भाशय काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. फाटलेली भिंत मात्र दुरुस्त करण्याचा विचार करता येतो.

गर्भाशय काढणे हा मार्ग रूढ झाला त्यालाही इतिहास आहे. २१ मे १८७६ रोजी इटलीतल्या पाविया शहरात एदुआर्दो पोर्रो यांनी जुलिया काव्हालिनी या मुडदुसाने कंबर आखडलेल्या बुटक्या बाईचे सिझर केले. तेव्हा सिझरनंतर गर्भाशय शिवत नसत, छेद तसाच आत सोडून देत, आणि बहुतेक बायका रक्तस्रावाने किंवा पू होऊन दगावत. पोर्रो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशय तारेच्या फासात आवळून कापून टाकले आणि उरलेला बुंधा पोटाच्या जखमेत बाहेर काढून ठेवला. आई आणि बाळ दोघेही जगले. त्या काळच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती. सहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशयाचा छेद थरांनुसार बारकाईने शिवून दाखवला आणि सिझरनंतर गर्भाशय ठेवता येते हे सिद्ध झाले. रक्त थांबतच नसेल तर मात्र पोर्रोंचाच मार्ग पुढची शंभर वर्षे शेवटचा राहिला.

तो आजही चुकीचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. रक्त वाहत असताना ‘पिशवी वाचवू’ म्हणत अर्धा तास घालवणे जिवावर बेतू शकते, आणि वेळेवर गर्भाशय काढणाऱ्या डॉक्टरांनी असंख्य आया वाचवल्या आहेत. पण विशी-पंचविशीतल्या बाईला, कधी कधी पहिल्याच बाळंतपणात, शुद्धीवर आल्यावर ‘पिशवी काढावी लागली’ हे ऐकावे लागते. ते दुःख मूल होण्या-न होण्यापुरते नसते. पाळी थांबते, घरात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते, आणि बाळ दगावले असेल तर तिचे रितेपण शब्दांत मावत नाही. शिवाय चिकटलेल्या वारेसकट गर्भाशय काढणे ही स्वतःच अतिशय रक्तबंबाळ शस्त्रक्रिया असते. मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या लगतच असतात, आणि त्यांना इजा होणे ही रोजची भीती. म्हणून गर्भाशय वाचवण्याचा विचार हा भावनेचा आहे तसाच सुरक्षिततेचाही आहे.

आधी आवळत नसलेल्या गर्भाशयाचे पाहू. ऑक्सिटोसिन, अर्गोमेट्रीन, कार्बोप्रॉस्ट, मिसोप्रोस्टॉल ही औषधे स्नायूंना आवळायला लावतात. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार केले, ते बाळंतिणींना वाचवावे म्हणूनच. पण त्याची मोठी चाचणी व्हायला अर्धशतक जावे लागले. २१ देशांतल्या २०,०६० बायकांवरच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला, तेव्हा बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलेल्या औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. उताकोबाई त्याआधी वर्षभर, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या होत्या.

औषधे हरली की हात लागतात. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या रुग्णालयात नोव्हेंबर १९८९ मध्ये क्रिस्तोफर बी-लिंच यांच्यासमोर अशी एक बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हते आणि गर्भाशय काढायला तिने संमती दिली नव्हती. सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या या शल्यचिकित्सकाने तेव्हा केलेला विचार मला फार सुंदर वाटतो. दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरले की रक्त थांबते, हे प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाला ठाऊक होते. पण हात तासन्‌तास ठेवता येत नाहीत. मग हातांच्या जागी टाका ठेवला तर?

हा टाका कसा घालतात ते जवळून पाहू. गर्भाशय पोटाबाहेर उचलून घेतात. मदतनीस डॉक्टर ते दोन्ही हातांनी पुढून-मागून दाबतात आणि दुसरे कोणी खाली पाहत राहते: योनिमार्गातले रक्त थांबले का? थांबले, तर टाका लागू पडणार. ही परीक्षा आधी, सुई नंतर. मोठ्या, गोल अंगाच्या सुईत जाड, विरघळणारा धागा ओवतात. गर्भाशयावरच्या छेदाच्या खाली तीन सेंटिमीटरवर, उजव्या कडेपासून तीन सेंटिमीटर आत सुई घालतात आणि छेदाच्या वर तीन सेंटिमीटरवर बाहेर काढतात. धागा वरच्या घुमटावरून मागे नेतात, मागच्या भिंतीत आडवा एक टाका घेतात, मग तोच धागा डाव्या बाजूने पुन्हा घुमटावरून पुढे आणून छेदाखाली बाहेर काढतात. शेवटी मदतनीस गर्भाशय दाबून धरतात आणि शल्यचिकित्सक दोन्ही टोके ओढून गाठ मारतात. गर्भाशयावर शाळेच्या दप्तराचे दोन पट्टे चढवल्यासारखे दिसते. धागा काही आठवड्यांत विरघळून जातो, तोवर गर्भाशय आपल्या मूळ आकाराकडे परतू लागलेले असते. १९९७ मध्ये बी-लिंच यांनी पाच बायकांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि काही वर्षांतच हा टाका जगभर पोचला. २००० साली कोरियातल्या चो यांनी पुढची-मागची भिंत चौकोनी टाक्यांनी जोडण्याची रीत सांगितली, २००२ मध्ये हेमन यांनी छेद न घेताही घालता येईल असा सोपा टाका दिला. भारतातल्या तालुक्याच्या गावी सिझर करणारे डॉक्टरही आज हा टाका जाणतात. त्याला यंत्र लागत नाही, हे त्याचे खरे मोल.

पोट उघडायचीच सोय नसेल तर आतून दाब द्यावा लागतो. त्यासाठी बनवलेले सिलिकॉनचे फुगे महाग. ढाका मेडिकल कॉलेजच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी त्याला उत्तर शोधले ते दवाखान्यात हमखास मिळणाऱ्या वस्तूंतून. रबरी कॅथेटरच्या टोकावर निरोध चढवायचा, बुडाशी दोऱ्याने घट्ट बांधायचा, गर्भाशयात सरकवायचा आणि सलाईनच्या बाटलीतून २०० ते ५०० मिलिलिटर पाणी आत सोडायचे. फुगलेला निरोध आतून सगळीकडे भिडतो आणि उघड्या धमन्यांवर दाब देतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात २३ बायका होत्या. सगळ्यांचे रक्त पंधरा मिनिटांत थांबले आणि एकीचेही गर्भाशय काढावे लागले नाही. पुढे आफ्रिकेतल्या काही देशांतल्या चाचण्यांत मात्र असे यश दिसले नाही. फुगा घालण्यात वेळ गेला आणि पुढच्या रुग्णालयात पोचायला उशीर झाला, तर उपाय उलटू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बजावले, की गरज पडल्यास रक्त आणि शस्त्रक्रिया मिळेल अशाच ठिकाणी हा फुगा वापरावा. अख्तरबाईंची कल्पना यामुळे लहान होत नाही. तिला मागे एक साखळी हवी, एवढेच खरे.

तिसरी वाट रक्तवाहिन्यांची. गर्भाशयाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी दोन्ही बाजूंनी बांधायची, किंवा तिच्याही वरची अंतर्गत इलियाक धमनी बांधायची. इलियाक धमनी बांधूनही ओटीपोटातले अवयव जिवंत कसे राहतात, हे कोडे शिकागोच्या बर्चेल यांनी १९६०च्या दशकात सोडवले. दोन्हीकडची धमनी बांधल्यावर रक्त पूर्ण थांबत नाही, आडवाटांनी येतच राहते. पण नाडीचा दाब सुमारे ८५ टक्क्यांनी पडतो. धमनीतले उसळते रक्त शिरेतल्यासारखे संथ होते आणि मग गुठळी धरू लागते. अशा बायकांना पुढे दिवस राहून व्यवस्थित बाळंतपणे झालेली आहेत. १९७९ पासून हेच काम पोट न उघडता, जांघेतून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत धमनी बंद करून होऊ लागले. केरळातल्या त्रिशूरचे डॉ. व्ही. पी. पैली यांनी महाधमनी काही मिनिटे धरून ठेवणारा, तिला इजा न करणारा चिमटा बनवला आहे. शल्यचिकित्सकाला श्वास घ्यायला आणि विचार करायला तेवढी मिनिटे पुष्कळ होतात.

पण वार खाली, व्रणावर चिकटलेली असेल तर हे उपाय अपुरे पडतात. ब्यूनोस आयर्सचे होसे पालासिओस-हाराकेमादा यांनी शरीररचनेचा अभ्यास करून त्याचे कारण दाखवले. गर्भाशयाच्या वरच्या भागाला रक्त गर्भाशयाच्या धमनीतून येते, तर अगदी खालच्या भागाला योनीच्या आणि तिच्या आसपासच्या धमन्यांतून. वरची वाट बंद केली तरी खालची चालूच राहते. म्हणून त्यांनी वेगळी रीत बसवली: मूत्राशय गर्भाशयापासून काळजीपूर्वक सोडवायचे, खालच्या धमन्या एकेक बांधायच्या, बाळ काढायचे, आणि वार चिकटलेला भिंतीचा तुकडा वारेसकट कापून काढायचा. उरलेल्या निरोगी कडा एकमेकींना शिवायच्या. २००४ मध्ये त्यांनी ६८ बायकांचा अनुभव मांडला, त्यांतल्या ५० जणींचे गर्भाशय राहिले. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात एडविन चंद्रहरन आणि सहकाऱ्यांनी २०१० पासून याच धर्तीची शस्त्रक्रिया सुरू केली. तिला ट्रिपल-पी म्हणतात. तिच्यात वारेची वरची कड सोनोग्राफीने आखून छेद तिच्याही वर घेतात, म्हणजे बाळ काढताना वारेला धक्काच लागत नाही.

आणि मग फ्रान्समध्ये रुजलेली रीत, जी मला या सगळ्यांत थोर वाटते. तिच्यात शल्यचिकित्सकाने एक गोष्ट करायची नसते: वार काढायची नसते.

बाळ बाहेर आले की वार काढणे, हे सुईणींपासून प्राध्यापकांपर्यंत साऱ्यांच्या हाडीमाशी मुरलेले. वार आत राहिली म्हणजे संकट, हे आपल्याकडच्या आजीलाही माहीत. पॅरिसच्या एका प्रसूतिगृहात १९९७ पर्यंत चिकटलेली वार हाताने खरवडून काढत. अशा तेरा बायकांपैकी अकरा जणींचे गर्भाशय शेवटी काढावे लागले होते. त्यानंतर त्यांनी धोरण बदलले. वार सुटत नसेल तर नाळ वारेच्या अगदी बुंध्याशी बांधून कापायची, गर्भाशय वारेसकट शिवून बंद करायचे आणि थांबायचे. पुढच्या पाच वर्षांत अशा वीस बायकांपैकी तिघींचेच गर्भाशय काढावे लागले. २००४ मध्ये हे आकडे छापून आले.

आत राहिलेल्या वारेचे पुढे काय होते? बाळ जन्मले की तिचा रक्तपुरवठा हळूहळू आटतो, ती सुकत जाते, आणि शरीर तिला जिरवते किंवा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर टाकते. २०१० मध्ये २५ फ्रेंच रुग्णालयांतल्या १६७ बायकांचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. १३१ जणींचे, म्हणजे ७८ टक्क्यांचे, गर्भाशय राहिले. ज्यांचा पुढचा मागोवा घेता आला अशा ११६ जणींपैकी ८७ जणींची वार आपोआप नाहीशी झाली. त्याला लागणारा मधला काळ साडेतेरा आठवडे होता. कुणाची चार आठवड्यांत गेली, कुणाला साठ आठवडे लागले. साठ आठवडे म्हणजे बाळ चालायला लागते! तेवढे दिवस त्या बाईने आत वार घेऊन जगायचे. ताप आला, घाण वास येऊ लागला, अंगावरून जास्त जाऊ लागले की रात्री-अपरात्री रुग्णालय गाठायचे. पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करायची. ज्यांचे गर्भाशय गेले त्यांतल्या १८ जणींचे ते काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काढावेच लागले, ते अशा रक्तस्रावामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे. एक बाई दगावली. तिचा मृत्यू वारेमुळे झाला नव्हता. वार लवकर सुकावी म्हणून नाळेतून दिलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने तिच्या अस्थिमज्जेवर आणि मूत्रपिंडांवर घात केला होता. आज ते औषध यासाठी द्यायचे नाही असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. थांबायचे ठरवल्यावर घाई करण्याचा मोह किती घातक ठरतो, ते त्या मृत्यूत दिसते.

२०२२ मध्ये फ्रान्समधूनच आणखी मोठ्या तयारीने केलेला अभ्यास आला. वार आत ठेवलेल्या आणि गर्भाशय काढलेल्या अशा दोन गटांची तुलना त्यात होती. सहा महिन्यांत चारपेक्षा जास्त रक्ताच्या बाटल्या लागलेल्या बायका पहिल्या गटात सुमारे १६ टक्के निघाल्या, दुसऱ्यात ५९ टक्के. मात्र पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाण पहिल्या गटातच जास्त होते. ही वाट कुणासाठी, ते यावरून ठरते. जिला पुढे मूल हवे आहे, जी रुग्णालयाजवळ राहू शकते, जिच्या घरचे महिनोन्‌महिने साथ देतील, तिच्यासाठी. दुर्गम पाड्यावरून आलेल्या, दोन मुले पदरी असलेल्या बाईला हाच सल्ला देणे धोक्याचे ठरेल.

यातली कुठलीही वाट ऐनवेळी सुचून चालत नाही. वार चिकटल्याचे आधी कळायला हवे, आणि ते बहुतेक वेळा सोनोग्राफीत कळते: वारेत रक्ताची वेडीवाकडी तळी दिसतात, वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेघ पुसली गेलेली असते, मूत्राशयाची कड तुटक दिसते. असे दिसले की बाळंतपण ३४ ते ३६ आठवड्यांच्या आसपास ठरवून करतात, अशा रुग्णालयात, जिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एका छताखाली आहे. महाराष्ट्रात हे जाणण्याची गरज वाढत चालली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली २५ टक्के आणि गोव्यातली जवळजवळ ४० टक्के बाळंतपणे सिझरने झाली होती. माताकल्याणात महाराष्ट्राची कामगिरी चांगली आहे. २०१८ ते २० या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, तेव्हा देशाची सरासरी ९७ होती. पण आज घेतलेला प्रत्येक छेद पुढच्या खेपेचा व्रण आहे, आणि मुहूर्तासाठी किंवा सोयीसाठी केलेल्या सिझरचाही व्रण तितकाच खरा असतो.

रक्त किती गेले हे वेळेत कळणे, ही या सगळ्या तयारीतली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. नजरेचा अंदाज फसतो. कापडात, चादरीत, जमिनीवर गेलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी त्यावर प्लॅस्टिकची एक चादर तयार केली. ती बाळंतिणीच्या खाली सरकवतात. तिचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते होते आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. बेळगावातच केलेल्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज या चादरीपेक्षा एक-तृतीयांशाने कमी निघाला. जिल्ह्यातल्या खेड्यांत, परिचारिकांच्या हातून, १,६२० बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या देऊन झालेली चाचणी याच चादरीवर मोजली गेली. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांपर्यंत उतरले. २००६ मध्ये लॅन्सेटने तो निबंध छापला. अशाच मोजपट्टीच्या चादरीवर आधारलेली ई-मोटिव्ह चाचणी पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत झाली. रक्त मोजायचे, आणि मर्यादा ओलांडली की मालिश, औषधे, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकाच वेळी सुरू करायचे. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. वेळेवर लक्षात आलेल्या रक्तस्रावाला बहुधा टाकाही लागत नाही, फुगाही नाही.

गर्भाशय राहिलेल्या बायकांचे पुढे काय झाले, हेही फ्रान्समध्येच पाहिले गेले. मागोवा लागलेल्या ९६ जणींपैकी आठ जणींच्या गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना जुळून गेल्या होत्या. मूल हवे होते त्यांतल्या २४ जणींना मिळून ३४ वेळा दिवस राहिले, दहा गर्भपात झाले, आणि २१ बाळे सुखरूप जन्मली. त्या २१ पैकी सहा बाळंतपणांत वार पुन्हा चिकटली होती. म्हणून अशा बाईला घरी सोडताना लेखी सांगावे लागते, की पुन्हा दिवस राहिले तर पहिली सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यातच करायची, जुने सगळे कागद सोबत न्यायचे, आणि गर्भ व्रणावर रुजला आहे की वर, हे आधी विचारायचे.